आधी मीटर, मग बॅटरी

सकाळी ट्रॅक्टरने सेल्फ घेतला नाही की बॅटरी गेली असे ठरवायचे आणि नवी बसवायची, अशी रीत आपल्या भागात पडली आहे. चार-सहा महिन्यांत नवीही बसते. मग दोष कंपनीला, नाही तर नशिबाला.

आमचा धंदा कापडाचा. यंत्राच्या बाबतीत आम्ही का बोलावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. कुडपणसारख्या डोंगराळ गावच्या शेतकऱ्याचे जे पैसे विनाकारण बॅटरीत जातात, ते लग्नसराईत आणि सणाला आमच्या दुकानात येत नाहीत. शिवाय गाड्यांचे वायरिंग, डायनामो, सेल्फ यांच्या कामावर आपल्यातील अनेक कारागिरांची घरे चालतात. गिऱ्हाइकाचा भरवसा उडाला तर नुकसान सर्वांचेच.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर बॅटरी म्हणजे गल्ला आणि डायनामो म्हणजे रोजची विक्री. गल्ला रिकामा दिसला म्हणून कोणी नवा गल्ला विकत आणतो काय? विक्री का होत नाही, हे तो आधी पाहतो.

१९६० साली स्थापन झालेल्या मद्रासच्या टॅफेचे मॅसी फर्ग्युसन किंवा १९६३ साली स्थापन झालेल्या व १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचे बी-२७५, या पिढीच्या जुन्या गाड्यांवर बहुधा अल्टरनेटर नसून डायनामो असतो. इंजिन मंद फिरत असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. ट्रॅक्टरवरचे लहान डायनामो पूर्ण वेगातही ११ अँपिअरच्या आसपासच देतात. उलट सेल्फ मारताना क्षणभरात दोन-अडीचशे अँपिअर खर्च होतात. डोंगराळ भागात काम कसे चालते ते पाहा. लहान खाचरे, जवळच्या खेपा, थोडे चालवले की बंद, पुन्हा सेल्फ. येथे जमेपेक्षा खर्चच अधिक होणार. हा बिघाड नव्हे. अशा गाडीला मधूनमधून चार्जरवर लावणे, किंवा दर खेपेला सेल्फ न मारता इंजिन थोडे वाढवून चालू ठेवणे, एवढेच पुरे होते.

खरा बिघाड शोधायचा तर क्रम धरावा. रात्रभर थांबलेल्या बॅटरीवर मीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. पूर्ण चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच राहिली तर एक सेल मेला; मग बॅटरी खुशाल बदलावी. नंतर इंजिन चालू करून वेग वाढवावा. काटा १३.८ ते १४.४ पर्यंत चढला तर चार्जिंग ठीक. १५ च्या वर जाऊन तेथेच राहिला तर कट-आउट बिघडला आहे, तो पाणी उकळवून बॅटरी मारील. जागचा हललाच नाही तर चार्जिंग होत नाही.

तरीही डायनामो लगेच उतरवू नये. पट्टा सैल आहे काय, टोकांवर पांढरी भुकटी साचली आहे काय, हे पाहावे. सेल्फ मारताना बॅटरीचे बॉडीला जोडलेले टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक दिसले तर अर्थची पट्टी खराब समजावी. कोकणच्या पावसात हे ठरलेलेच. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. अशा पुराचा चिखल ज्या यंत्रात गेला, त्यात गंज पुढेही डोके वर काढतो.

मग डायनामोची पाळी. त्याच्या डी आणि एफ या दोन्ही टोकांच्या वायरी काढाव्यात, दोन्ही टोके तुकड्याने जोडावीत आणि तेथून बॉडीपर्यंत मीटर लावून इंजिन हळूहळू वाढवावे. व्होल्ट सरळ चढत गेले तर डायनामो निर्दोष. २० च्या पुढे नेऊ नये. काहीच आले नाही तर कार्बन ब्रश व कम्युटेटर पाहावा. एकच व्होल्ट आला तर फील्ड कॉइलवर, निम्मेच आले तर आर्मेचरवर संशय घ्यावा. ही परीक्षा अल्टरनेटरवर कधीही करू नये.

आमच्या माहितीतील कुडपणच्या एका गिऱ्हाइकाने दोन पावसाळ्यांत दोन बॅटऱ्या घेतल्या. तिसरी घेण्याच्या बेतात असताना एका म्हाताऱ्या मिस्त्रीने एक गोष्ट हेरली. इंजिनचा वेग वाढला की लाल दिवा विझण्याऐवजी पुन्हा प्रखर होई. म्हणजे डायनामो वीज देत होता, ती बॅटरीपर्यंत पोहोचत नव्हती. कट-आउटच्या ई टोकाची अर्थची वायर गंजून तुटली होती, त्यामुळे आतले पॉइंट मिटतच नव्हते. वीतभर वायर, एक स्क्रू आणि पॉलिश पेपर, एवढ्यात काम झाले.

आता प्रश्न असा की, हे आधीच्या दोघांनी का पाहिले नाही? ते अनाडी होते असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या मते दोष रिवाजाचा आहे. आपल्याकडे तपासणी फुकट आणि नफा मालात. कापडात हे चालते. आम्ही वीस तागे उलगडून दाखवतो, त्याची मजुरी विकलेल्या मीटरमध्ये निघते. पण कारागिराने हीच चाल धरली तर त्याची भाकरी गिऱ्हाइकाच्या गाडीत महाग वस्तू बिघडण्यावर अवलंबून राहते. अर्धा तास खपून पाच रुपयांची वायर बदलणाऱ्याच्या हाती काही उरत नाही, आणि न तपासता बॅटरी विकणाऱ्याला कमिशन मिळते. अशा हिशेबात इमानदार माणूसच तोट्यात राहतो.

म्हणून आमचे म्हणणे आहे की, कारागीर बंधूंनी तपासणीची मजुरी वेगळी लावावी आणि ती दुकानाच्या पाटीवर उघड लिहावी. आधी आणि नंतर मीटरवर किती व्होल्ट दिसले, ते बिलावर नोंदवावे. गिऱ्हाइकानेही ही मजुरी घासाघीस न करता द्यावी. ती एका बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाही. साधा मीटर काही शेकड्यांत येतो. गज हातात न घेता कापड फाडणाऱ्या दुकानदाराकडे कोणी दुसऱ्यांदा जात नाही. मग मीटर न लावता बॅटरी बदलणाऱ्याकडे का जावे?