चहा सोडू नका, उपाशी राहणं सोडा

"ताई, पित्ताची गोळी आहे का?" वस्तीत आरोग्य तपासणीला बसलो की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुधा पहाटे झाडलोटीच्या नाहीतर धुण्याभांड्याच्या कामावर जाणारी असते. सकाळपासून काय खाल्लं म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "दोनदा चहा झालाय की."

दवाखान्यात तिला सांगतात, चहा-कॉफी बंद करा. नर्स म्हणून आम्हीही हेच सांगत होतो. आज तो सल्ला आम्हाला अपुरा वाटतो. ती चहा भुकेच्या जागी पिते, हे आपण विचारतच नाही.

अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये झडपेसारखा स्नायू असतो. तो सैल पडला की जठरातलं आम्ल वर येतं. छातीत जळजळतं, आंबट ढेकर येतात. चहा-कॉफीने काहींचा त्रास वाढतो, काहींचा नाही. म्हणून सरसकट बंदी नको. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, अनुभवाने तपासा, असं तथागतांनी कालामांना सांगितलं. आपणही तपासू या. दोन आठवडे चहा-कॉफी निम्मी करा आणि आधी चपाती-भाकरीचे चार घास खा. आराम पडला तर तसंच चालू ठेवा. नाही पडला तर बाकीच्या सवयी बघा.

तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी तो स्नायू सैल पडतो. अंगदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर जठराला इजा होते. जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर चढतं. जेवण आणि झोप यात 2 ते 3 तास हवेत. पण घरातली बाई सगळ्यांचं उरकल्यावर जेवते, भांडी घासते आणि तिथेच पडते. तिला अंतर मिळणार कधी? म्हणून आमचं म्हणणं आहे, सगळ्यांनी एकत्र आणि लवकर जेवावं, भांडी वाटून घ्यावीत. समता विहारात बोलतो, ती चुलीपाशीही दिसली पाहिजे.

खाट असेल तर डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती 6 ते 8 इंच उंच करा. जमिनीवर झोपत असाल तर डाव्या कुशीवर झोपा. रक्त कमी असेल तर जेवणाबरोबर चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा. चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. पित्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेऊ नका.

एक गोष्ट मात्र विसरू नका. छातीत दाब, घाम, दम लागणं, जबड्यात किंवा हातात कळ, यातलं काही असेल तर पित्त समजून सोडा पीत बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात जा. ते हृदयाचं दुखणं असू शकतं. बायांच्या बाबतीत तर ते "पित्त असेल" म्हणून हमखास टाळलं जातं. घास अडकणं, काळी शी, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन घटणं, यातही उशीर नको.

आपल्या माणसांसाठी हॉटेलात कपबशी वेगळी ठेवत, ते दिवस आपल्या आजी-आजोबांनी पाहिले. आज आपण मानाने चहा पितो. तो जरूर प्या. फक्त भाकरीची जागा त्याला देऊ नका.

जयभीम!