न्यान्या

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात कन्येकडे नैरोबीला जाण्याचा योग आला. व्यापारानिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबात ती दिली आहे. सहा वर्षांपूर्वी नात झाली, तेव्हा त्या आनंदाप्रीत्यर्थ तिथल्याच एका अनाथाश्रमातील एका मुलीचे पालकत्व आम्ही स्वीकारले. दुकानाच्या वहीत तेव्हापासून धर्मादाय खात्यात ती रक्कम दरवर्षी मांडली जाते. दिवाळीपूर्वी आश्रमाकडून मुलीचे छायाचित्र आणि दोन ओळींचे आभारपत्र येई. यजमान ते वहीपूजनाच्या वेळी पाटाशेजारी ठेवीत. या मुलीला एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच माझी इच्छा होती.

वह्या, रंगपेट्या आणि घरी केलेली शंकरपाळी घेऊन आम्ही आश्रमात गेलो. गाडीतून उतरतो न उतरतो तोच दहा-बारा मुले धावत येऊन बिलगली. एक चिमुरडी माझ्या मांडीवर बसली ती अर्धा तास उठलीच नाही. माझे डोळे भरून आले. परतीच्या वाटेवर कन्या म्हणाली, "आई, आपली परी अनोळखी बाईच्या मांडीवर अशी बसेल का हो?" बसणार नाही. परी आधी आईच्या मागे लपते. रुमानियाच्या राजधानीत 2000 साली अनाथालयांतील 136 बालकांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला होता. परक्या माणसालाही चटकन बिलगण्याची ही सवय संस्थेत वाढणाऱ्या बालकांमध्ये अभ्यासकांना ठळकपणे आढळली. ज्याला मी प्रेम समजले, ते बहुधा त्या लेकरांचे रितेपण होते.

आमची मुलगी मात्र धावत आली नव्हती. दहा वर्षांची, सावकाश बोलणारी. तिने हात धरून मला भिंतीपाशी नेले आणि स्वतः काढलेल्या चित्रावर बोट ठेवले. पत्र्याचे घर, मक्याची ताटे, दारात डोक्याला फडके बांधलेली एक स्त्री. "न्यान्या," ती म्हणाली. परी मला नानी म्हणते. आश्रमाने हिलाही ते शिकवले असावे असे वाटून मी तिला जवळ घेतले. तिने मान हलवली आणि पुन्हा चित्रावरच बोट ठेवले, "न्यान्या."

कन्येच्या ते लक्षात आले. स्वाहिलीत न्यान्या म्हणजे आजी. (टोमॅटोलाही हाच शब्द आहे, आदल्याच दिवशी तो मी स्वयंपाकघरात शिकले होते, पण त्या क्षणी तो आठवलाही नाही.)

आजी आहे? मग ही अनाथ कशी?

व्यवस्थापक सौम्य गृहस्थ होते, त्यांनी काही लपवले नाही. आई वारलेली, वडिलांचा पत्ता नाही. आजी माचाकोसच्या पलीकडे थोड्याशा शेतावर राहते आणि बसभाडे जमले की वर्षातून एकदा येऊन जाते. केनियात सरकारी प्राथमिक शाळेची फी 2003 पासून माफ आहे. परंतु गणवेश, बूट आणि दुपारचे जेवण यांचा प्रश्न उरतोच. लागोपाठ पाऊस हुकला, तेव्हा आश्रमात दोन वेळचे अन्न आणि इंग्रजी शिक्षण मिळते असे कोणीतरी म्हाताऱ्या बाईला सांगितले. तिने कागदावर अंगठा दिला.

मी व्यापाऱ्याच्या घरची. सवयीने विचारले, आमच्या रकमेचा हिशेब कसा? एका मुलीमागे येणाऱ्या पैशातून स्वयंपाकी, पहारेकरी, जागेचे भाडे, सारेच भागवले जाते. मूल घरी गेले की देणगी थांबते. आजीला गणवेश, जेवण आणि बी-बियाण्यासाठी काय लागेल याचा आकडा कन्येने तिथेच कागदावर मांडला. तो आमच्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी आला. सहा वर्षे आम्ही मुलीला आजीपासून दूर ठेवण्याचा खर्च भरत होतो! हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

केवळ दारिद्र्यापायी मुलाला कुटुंबापासून तोडू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. केनिया सरकारने 2017 मध्ये अशा नव्या संस्थांची नोंदणी थांबवली आणि 2022 मध्ये मुलांना कुटुंबात परत नेण्याची दहा वर्षांची योजना आखली. पोरक्या मुलांना सांभाळणाऱ्या गरीब घरांना महिना 2000 शिलिंग देण्याची सरकारी योजनाही तिथे आहे. पैसे पोचवणेही अवघड नाही. 2007 पासून तिथे एम-पेसा आहे, खेड्यातल्या आजीच्या साध्या मोबाइलवरही रक्कम जमा होते. अर्थात ज्यांचे खरोखर कोणी नाही, किंवा ज्यांच्या घरातच भय आहे, अशीही मुले असतात. त्यांना आसरा हवाच, आणि तो कोणाला हवा हे पाहुण्याने ठरवू नये. आमच्या मुलीच्या बाबतीतही सरकारी बाल-अधिकाऱ्याची चौकशी, घराची पाहणी, आजीच्या प्रकृतीची विचारपूस यांत सात महिने गेले. कन्येने पाठपुरावा सोडला नाही.

या जानेवारीत, तिथले शालेय वर्ष सुरू होताना, मुलगी आजीकडे गेली. ठरलेली रक्कम आता कन्या दरमहा फोनवरून पाठवते. वहीत खाते तेच आहे.

यंदा दिवाळीला छायाचित्र आले नाही. यजमानांनी पाटाशेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिले, बोलले काही नाहीत. मलाही चुकल्यासारखे वाटले हे कबूल करते. पाडव्यानंतर आश्रमाचे पत्र आले. रिकाम्या झालेल्या खाटेवर नवी मुलगी आली आहे, तिचे पालकत्व घ्याल का, अशी विचारणा होती. सोबत छायाचित्र होते, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

मी उलट टपाली एवढेच विचारले आहे, की हिच्या घरी कोण कोण आहे? उत्तर अद्याप यायचे आहे.