जमिनीखालची टाकी, जमिनीवरची जबाबदारी

१३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर लोणावळ्याजवळच्या कुणे पुलावर ज्वालाग्राही द्रव घेऊन निघालेल्या टँकरला आग लागली. पेटता द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर पडला आणि ज्यांचा त्या टँकरशी काडीचाही संबंध नव्हता अशा वाटसरूंना त्याची झळ बसली. या दुर्घटनेत चार जणांचा मृत्यू झाला. काही तास महामार्ग बंद राहिला, वृत्तपत्रांत छायाचित्रे आली, मदतीच्या घोषणा झाल्या आणि वाहतूक पूर्ववत होताच विषय मागे पडला. आपल्या सार्वजनिक जीवनाची ही नेहमीचीच रीत आहे. आग दिसते तोवर चर्चा, धूर विरला की विस्मरण!

तो टँकर रस्त्यावर होता म्हणून निदान डोळ्यांना दिसला. इंधन वाहून नेणारा टँकर शेवटी कुठेतरी रिकामा होतोच आणि ते इंधन जमिनीखालच्या टाकीत जाते. ही टाकी कोणाला दिसत नाही. मावळ तालुक्यातून द्रुतगती महामार्ग जातो, जुना मुंबई-पुणे रस्ता जातो आणि लोहमार्गही जातो. तळेगावची औद्योगिक वसाहत, लोणावळा-खंडाळ्याची हॉटेले, वडगाव-कामशेतच्या बाजारपेठा या साऱ्यांना इंधन हवेच. पेट्रोल पंपांच्या टाक्या, कारखान्यांतील भट्टीच्या तेलाच्या टाक्या, जनित्रांसाठी ठेवलेले डिझेल असा हा साठा वस्तीच्या, शाळेच्या, विहिरीच्या शेजारी असतो. त्याच्या सुरक्षेची हमी कोण देते? तर एक परवाना. आणि त्या परवान्याकडे आपण सारेच केवळ एक कागद म्हणून पाहतो, हेच या प्रश्नाचे मूळ आहे.

हा कागद काय सांगतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. पेट्रोलियम कायदा १९३४ सालचा. त्याखालील सध्याची नियमावली २००२ सालची. तिची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, अर्थात ‘पेसो’चे, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. मूळचा स्फोटके विभाग १८९८ पासूनचा. एवढी जुनी यंत्रणा महाराष्ट्रात असूनही सामान्य माणसाला तिचे नावसुद्धा ठाऊक नसते. कायद्याने इंधनाचे वर्ग पाडले आहेत. ज्याची वाफ २३ अंश सेल्सिअसच्या आतच पेट घेऊ शकते ते ‘अ’ वर्गात, म्हणजे पेट्रोल. २३ ते ६५ अंशांपर्यंतचे ‘ब’ वर्गात, म्हणजे डिझेल आणि रॉकेल. त्यापुढे ९३ अंशांपर्यंतचे ‘क’ वर्गात, म्हणजे भट्टीचे तेल. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याविना बाळगता येते. डिझेलची मर्यादा २,५०० लिटरची आहे. मात्र कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे असता कामा नये. त्यापलीकडे साठा करायचा असेल तर परवाना अनिवार्य.

हा परवाना सहजासहजी मिळत नाही आणि मिळूही नये. जागेचा नकाशा, टाक्यांची रचना, सुरक्षित अंतरे, टाकीची दाबचाचणी, विजेच्या उपकरणांची योग्यता, वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीची उंची, स्थिर विद्युत जमिनीत जिरवण्याची सोय अशा अनेक बाबी तपासल्यावर नकाशावर मंजुरीची मोहोर उमटते. त्यानंतर त्या नकाशात पूर्वपरवानगीवाचून बदल करण्याची मुभा परवानाधारकाला नसते. परवान्याची मुदत ३१ डिसेंबरला संपते, म्हणून वर्षाअखेरीस नूतनीकरणाची धावपळ उडते. शुल्क भरले, अर्ज गेला, मुदत वाढली! परंतु मधल्या वर्षांत पंपाच्या आवारात पत्र्याची शेड उभी राहिली का, भिंतीला लागून चहाची टपरी आणि तिची शेगडी आली का, टाकीच्या नळ्या गंजल्या का, हे कोणी पाहिले? नूतनीकरण याचा अर्थ नवेपणा देणे. जुन्या टाकीला नुसती नवी तारीख चिकटवण्याला नूतनीकरण म्हणता येत नाही.

मावळात या प्रश्नाला एक प्रशासकीय पदरही आहे. ‘पेसो’कडे परवाना मागण्यापूर्वी जिल्हा प्राधिकाऱ्याचा ना-हरकत दाखला लागतो. नियमांच्या व्याख्येनुसार पोलीस आयुक्त असलेल्या शहरांत हा प्राधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त वा उपायुक्त आणि अन्यत्र जिल्हा दंडाधिकारी. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय स्थापन झाले आणि मावळातील तळेगाव दाभाडे त्याच्या हद्दीत गेले. लोणावळा, कामशेत, वडगाव मात्र पुणे ग्रामीण पोलिसांकडे राहिले. एक तालुका, एकच महामार्ग, एकच नदी. पण सुरक्षेकडे पाहणाऱ्या यंत्रणा दोन! त्यात नगरपरिषद, ग्रामपंचायत, महसूल, बांधकाम, अग्निशमन, प्रदूषण नियंत्रण अशा कार्यालयांची भर पडते. दाखल्याचा निर्णय अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हावा, असे २००२ च्या नियमांतच म्हटले आहे. तरीही प्रामाणिक अर्जदाराला टेबलामागून टेबल फिरावे लागत असेल, तर त्याचा दोष नियमाला देता येणार नाही. तो नियम न पाळणाऱ्यांचा दोष आहे. प्रामाणिक माणूस जिथे खोळंबतो तिथे दलालाचे फावते आणि दलालामार्फत आलेल्या कागदामागे पाहणी झालीच असेल याची खात्री कोण देणार?

काही मंडळी म्हणतील, इतका बाऊ कशाला? वर्षानुवर्षे टाक्या जमिनीखाली आहेत, काय बिघडले? मावळच्या निसर्गाकडे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर मिळते. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पावसाळ्यात भूजल वर चढते आणि अर्धीरिकामी टाकी त्या पाण्यात होडीसारखी उचलली जाऊ पाहते. म्हणूनच टाकी पायाला पक्की जखडावी लागते. ती उचलली गेली तर नळ्यांचे सांधे निखळतात. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. परदेशी तेलावरील अवलंबन कमी करणारे आणि ऊस उत्पादकाला आधार देणारे हे धोरण स्वागतार्हच आहे. पण इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत पाणी शिरले की इथेनॉल त्या पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणजेच काल जी टाकी चालून जात होती ती आज चालेलच असे नाही. राष्ट्राचे धोरण बदलले की त्यानुसार गावातील टाकीची निगाही बदलावी लागते.

आणि जे पाणी आत शिरू शकते, त्याच वाटेने तेल बाहेरही जाऊ शकते. लोणावळ्याजवळ सह्याद्रीत उगम पावणारी इंद्रायणी मावळच्या शेतांना पाणी देत देहूला जाते, तिथून आळंदीला. ज्या नदीच्या काठी तुकोबा राहिले आणि ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तिच्या खोऱ्यातील भूमीत पेट्रोल झिरपू देणे हे केवळ प्रदूषणाचे प्रकरण मानायचे का? पेट्रोलमध्ये बेन्झीन असते आणि ते कर्करोगकारक आहे. गळती थेंबाथेंबाने होते, ती दिसत नाही, पेटतही नाही. म्हणूनच ती वर्षानुवर्षे चालू राहू शकते. विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, रुग्णालये आणि निवासी वस्तीपासून सर्वसाधारणपणे ५० मीटर अंतराची सूचना केली, ती उगाच नव्हे. परंतु पंप आधी आणि वस्ती नंतर आली तर काय? वाढत्या मावळात हा प्रश्न अधिक खरा आहे आणि त्याचे उत्तर बांधकाम परवानगी देणाऱ्या नगरपरिषदांनी व ग्रामपंचायतींनी द्यायचे आहे.

परवान्याच्या मर्यादेतील आणि मर्यादेबाहेरील साठ्यांचा विषय आणखी नाजूक आहे. कायद्याने हजार लिटरच्या भांड्याला सवलत दिली ती शेतकऱ्याची, लहान उद्योजकाची अडचण होऊ नये म्हणून. त्या सवलतीचा आडोसा घेऊन पिंपामागे पिंप उभे करणे, मागच्या दाराने डिझेल विकणे हा सरळसरळ गुन्हा आहे. अशा चोरट्या व्यापाराकडे समाजाने डोळेझाक केली की तो किती भयंकर रूप धारण करतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला, मनमाडजवळ पानेवाडी येथे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. एक सरकारी अधिकारी आपले कर्तव्य बजावायला गेला आणि त्याच्यावरच तेल ओतले गेले. त्या दिवशी सारे राज्य हळहळले. पण हळहळ म्हणजे श्रद्धांजली नव्हे. सोनवणे यांच्यामागून येणाऱ्या तपासणी अधिकाऱ्याच्या पाठीशी गाव उभे राहते का, ही खरी कसोटी आहे.

मोठ्या साठ्यातील बेफिकिरीची किंमत २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळच्या सीतापुरा येथे देशाने मोजली. तेल आगारातून पेट्रोल गळत राहिले, त्याची जड वाफ जमिनीलगत पसरली आणि तिने पेट घेतला. दहाहून अधिक जीव गेले, टाक्या कित्येक दिवस जळत राहिल्या. तिथे परवाने नव्हते असे नाही, लेखी कार्यपद्धतीही होत्या. उणीव होती ती लिहिलेले रोज पाळण्याच्या शिस्तीची. दंडाच्या भीतीवर विसंबण्यात अर्थ नाही, कारण पेट्रोलियम कायद्यात पहिल्या अपराधासाठी दीर्घकाळ एक महिन्यापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा होती. हजार रुपयांच्या धाकाने कोणाची टाकी सुरक्षित होणार?

मग करायचे काय? पहिली गोष्ट, कागद कमी करावेत आणि पाहणी वाढवावी. अर्ज संगणकीय झाले, हे चांगलेच झाले. त्यामुळे वाचलेला वेळ अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष जागेवर द्यावा. दुसरी गोष्ट, मावळासारख्या अतिवृष्टीच्या तालुक्यात ३१ डिसेंबरची वाट न पाहता दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पोलीस, महसूल, अग्निशमन आणि तेल कंपन्यांनी संयुक्त तपासणी करावी. आयुक्तालय आणि ग्रामीण अशी हद्दीची रेघ त्यात आड येऊ नये. तिसरी गोष्ट, कोणत्या जागी किती साठ्याचा परवाना आहे आणि त्याची मुदत कधी संपते, याची सूची तहसील कार्यालयात आणि संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. माहिती अधिकार कायदा २००५ च्या चौथ्या कलमाने प्रशासनावर स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य टाकलेच आहे. नागरिकाने मागितल्यावर नाइलाजाने देण्यापेक्षा आधीच दिलेली माहिती अधिक शोभून दिसते.

परंतु सारे काही सरकारने करावे आणि आपण टीका करावी, ही वृत्तीही सोडली पाहिजे. पंपावर गेल्यावर आपण मोजणीचा शून्य आकडा पाहतो, घनता विचारतो, वैधमापन विभागाचा शिक्का शोधतो. हे आपल्या खिशाचे रक्षण झाले. आवारात मोबाइलवर बोलू नका असे सांगणाऱ्या कर्मचाऱ्यावर डोळे वटारणारे आपणच असतो; प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल द्या म्हणून हट्ट धरणारेही आपणच. सोसायटीच्या जनित्राखाली किती डिझेल साठवले आहे, हे कार्यकारिणीच्या किती सदस्यांना सांगता येईल? गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, तरुण मंडळांनी, महिला बचत गटांनी हा विषय हाती घ्यावा. उत्सवाच्या मंडपाची जागा ठरवताना जवळच्या टाकीचे अंतर पाहावे. टँकर रिकामा होत असताना काय करू नये, हे शाळेतील मुलांना शिकवावे. पंपचालकांनीही हे हस्तक्षेप मानू नयेत, कारण पहिला धोका त्यांच्या आणि त्यांच्या कामगारांच्याच जिवाला असतो.

पूर्वी मावळच्या घाटवाटांवर चौक्या असत. वाटेने काय जाते आणि कोण जाते, याची खबर ठेवणारी माणसे तिथे पहारा देत. आज त्या घाटातून दिवसरात्र इंधन वाहते आणि मावळच्या भूमीतच ते साठते. पहाऱ्याचे काम आता परवान्यावर सोपवले आहे. कागद स्वतः पहारा देत नाही. तो देणाऱ्याची सचोटी, घेणाऱ्याची शिस्त आणि समाजाची नजर, या तिघांनी मिळूनच तो द्यायचा असतो. यंदाच्या नूतनीकरणाच्या प्रत्येक अर्जावर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने आणि अर्जदाराने एकदा टाकीपर्यंत चालत जावे, एवढी माफक अपेक्षा मावळच्या जनतेने बाळगली तर ती अवास्तव म्हणता येणार नाही.