वाळलेल्या पानावरील तारीख



चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे. कांपिल्य नगरीजवळ, गंगातीरीच्या वनात, ग्रीष्माच्या अखेरीस विचरण करीत असताना भगवान पुनर्वसु आत्रेय आपल्या शिष्याला निसर्गात दिसणाऱ्या विकृतीची चिन्हे दाखवतात आणि आज्ञा करतात की, भूमी विरस होण्यापूर्वी, औषधींचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव अबाधित आहेत तोवर त्या काढून ठेवा. वायू, उदक, देश आणि काल ही चार नावे आपण परीक्षेसाठी मुखोद्गत केली. औषधी वेळीच संगृहीत करण्याची ही आज्ञा मात्र आपल्या व्यवहारात फारशी उतरली नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनसंपन्न जिल्ह्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांनी तरी तिचा नव्याने विचार करावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

द्रव्याचे गुण ते कोणत्या भूमीत उगवले आणि कोणत्या काळी काढले यावर अवलंबून असतात, हा आपल्या शास्त्राचा सिद्धांत आहे. कल्पस्थानात शाखा व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात घ्यावे असे सांगितले आहे. फुले व फळे मात्र ‘यथर्तु’, म्हणजे ज्या ऋतूत येतील त्या ऋतूत. सुश्रुताचार्यांनी याबाबत इतर आचार्यांचे मत नोंदवून त्याहून भिन्न मत मांडले आहे. परंतु काळाचे महत्त्व कोणीही नाकारलेले नाही. आता प्रश्न असा की, ज्या काळावर हा सर्व विधी आधारलेला आहे तो काळच सरकू लागला तर? मोह यंदा लवकर गळाला, पळस माघातच फुलला, आवळा धरलाच नाही, अशी वाक्ये आपण वनोपज गोळा करणाऱ्यांकडून दरवर्षी ऐकतो. त्यांतील खरे किती, स्मृतिभ्रम किती, आणि एखाद्या वर्षाच्या अवकाळी पावसाचा परिणाम किती, हे ठरविण्याचे साधन आपल्यापाशी आहे काय?

असे एक साधन आहे आणि ते आपल्या परिचयाचे आहे. द्वितीय वर्षाला द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिकासाठी आपण सर्वांनी जी हर्बेरियमची फाइल केली, तेच हे साधन. वनस्पतीची फुलाफळांसह फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि खालच्या कोपऱ्यात नाव, स्थळ, दिनांक व गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे. अशी शीट नीट जपली तर शेकडो वर्षे टिकते. जाणकाराच्या हाती ती एक साक्ष असते: अमुक वनस्पती, अमुक ठिकाणी, अमुक दिवशी फुलावर होती, तिचे पान एवढे होते, उंची एवढी होती.

या साक्षींचा उपयोग जगभर कसा झाला याची काही उदाहरणे पाहू. अमेरिकेत बोस्टन येथील अर्नोल्ड वृक्षोद्यानात अनेक झाडांच्या जुन्या शीट होत्या आणि तीच झाडे आजही उभी होती. संशोधकांनी त्या शीटवरील फुलोऱ्याच्या तारखा जिवंत झाडांच्या फुलोऱ्याशी ताडून पाहिल्या. १९०० ते १९२० या काळाच्या तुलनेत १९८० ते २००२ या काळात फुलोरा सरासरी आठ दिवस अलीकडे आल्याचे त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. केंब्रिजच्या वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये इंग्लंडमधील वृक्षांची दोनशे वर्षांतील वाळलेली पाने सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. हवेतील कर्बद्विप्राणील वायू वाढत गेला तसतशी पानांवरील रंध्रांची घनता सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. औद्योगिक क्रांतीपूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग असलेला हा वायू आज ४२० भागांच्या वर गेला आहे. पानांनी या बदलाला दिलेला प्रतिसाद कोणत्याही उपकरणाविना कागदावर नोंदला गेला होता.

आपल्या व्यवसायाशी अधिक निकटची दोन उदाहरणे आहेत. तिबेटी व चिनी वैद्यकात वापरल्या जाणाऱ्या हिमकमळाची, म्हणजे सॉसुरिया लॅनिसेप्स या वनस्पतीची, शतकभरातील शीटांवरून उंची मोजली असता ती क्रमाने खुजी होत गेल्याचे लॉ आणि सॅलिक यांनी २००५ मध्ये दाखविले. गोळा करणारे मोठी, फुललेली रोपे निवडून उपटतात; बी धरते ते लहान रोपांना. जी भगिनी-जाती फारशी काढली जात नाही तिच्यात असा ऱ्हास दिसला नाही. येथे हवामानापेक्षा माणसाचा हात कारणीभूत ठरला आणि हा भेद त्या जुन्या कागदांमुळेच कळला. दुसरे उदाहरण आपल्या बाळगुटीतील व बालचातुर्भद्रातील अतिविषेचे. अल्मोड्याजवळील गोविंद वल्लभ पंत संस्थेतील संशोधकांनी हिमालयातील अतिविषेच्या जुन्या हर्बेरियम शीट एकत्र करून, गेल्या शतकात तिचा फुलोरा अलीकडे सरकल्याचे २०११ मध्ये मांडले. कंद केव्हा परिपक्व होतो आणि केव्हा काढावा, हा प्रश्न यातून ओघानेच उभा राहतो.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांश भाग वनाच्छादित आहे. चंद्रपुरात एकीकडे ताडोबाचे अरण्य, तर दुसरीकडे कोळशाच्या खाणी आणि २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र. उन्हाळ्यात देशातील सर्वाधिक तापमानाच्या शहरांत चंद्रपूरचे नाव नेहमी येते. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे उत्खनन सुरू आहे. हिरडा, बेहडा, बिजा, बिबा, चारोळी, मोह, मैदालकडी, शतावरी, भुईनिंब ही आपली नित्याची द्रव्ये याच दोन जिल्ह्यांतून येतात. पर्यावरणातील बदलाचा औषधींवर काय परिणाम होतो हे तपासण्यास याहून योग्य क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

तथापि येथील जुन्या नमुन्यांचा शोध घेणाऱ्याने प्रथम इतिहास ध्यानात घेतला पाहिजे, अन्यथा तो रिकाम्या हाताने परतेल. ‘गडचिरोली’ जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला; त्यापूर्वीच्या कोणत्याही शीटवर जिल्ह्याचे ते नाव असणे शक्य नाही. जुन्या शीटवर जिल्हा ‘चांदा’ आणि प्रांत ‘मध्य प्रांत’ असतो. सिरोंचा परिसर तर १८७४ पर्यंत अप्पर गोदावरी या वेगळ्या जिल्ह्यात होता. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात, नंतर मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहोत. थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ आपल्याकडे प्रमाण मानला जातो. परंतु चांदा त्या इलाख्यात नव्हताच. म्हणून पुण्यामुंबईच्या तुलनेत आपल्या जंगलाची जुनी साक्ष विखुरलेली आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ १९५५ मध्ये पुण्यात सुरू झाले. मल्होत्रा व मूर्ती यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील उपयुक्त व औषधी वनस्पतींवरील लेख सर्वेक्षणाच्या नियतकालिकात १९७० च्या दशकात प्रसिद्ध केला, तेव्हा त्या जिल्ह्यात आजचे गडचिरोलीही समाविष्ट होते. पुण्याच्या या संग्रहालयाखेरीज कोथरूड येथील केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेचे वनौषधी उद्यान व हर्बेरियम, मुंबईतील ब्लॅटर हर्बेरियम आणि हावडा येथील केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम ही स्थाने शोधावी लागतील. सर्वेक्षणाने २०२२ मध्ये आभासी हर्बेरियम खुले केल्यामुळे अनेक शीटांच्या प्रतिमा आता घरबसल्या पाहता येतात. तेथे शोधताना ‘गडचिरोली’ एवढेच लिहून थांबू नये; चांदा, अहेरी, सिरोंचा, आलापल्ली, मोहर्ली ही नावेही लिहून पाहावीत.

या साधनाच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. शीट सांगते की त्या दिवशी फूल होते. ते आदल्या दिवशी उमलले की तीन आठवड्यांपूर्वी, हे ती सांगत नाही. गोळा करणारे बहुधा रस्त्यालगत, विश्रामगृहाच्या आसपास आणि सोयीच्या ऋतूत फिरलेले असतात. म्हणून एकदोन शीटांवरून निष्कर्ष काढणे अयोग्य. अनेक वर्षांच्या, अनेक स्थळांच्या शीट एकत्र पाहाव्या लागतात. आणखी एक गोष्ट रसशास्त्राच्या अभ्यासकांना विशेष वाटेल. जुन्या पानांतील शिसे मोजून प्रदूषणाचा इतिहास शोधता येतो. स्वीडनमध्ये शेवाळाच्या जुन्या नमुन्यांवरून १९६८ मध्ये तसे दाखविले गेले. औष्णिक केंद्र सुरू होण्यापूर्वीच्या चंद्रपुरातील पानांत शिसे किती होते, हे समजले तर आजच्या कच्च्या द्रव्यातील जड धातूंच्या वादात आपल्याला एक आधाररेषा मिळेल. परंतु पाऱ्याबाबत ही परीक्षा करता येणार नाही. कारण कीड लागू नये म्हणून पूर्वी शीटांना मर्क्युरिक क्लोराइडचे द्रावण लावण्याची पद्धत होती. ज्या पानावर आपणच पारा लावला, त्यात हवेतला पारा शोधणे व्यर्थ. त्याच कारणास्तव जुनी शीट हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

येथे स्वतःचा एक दोष सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी घर बदलताना माझी विद्यार्थिदशेतील हर्बेरियम फाइल माळ्यावरून निघाली. पन्नासहून अधिक शीट, सुबक अक्षरांत संस्कृत नाव, गण, रसपंचक, रोगघ्नता. स्थळ आणि दिनांक मात्र एकाही शीटवर नाही. परीक्षक ते विचारीत नसत आणि मलाही सुचले नाही. बिब्याच्या फांदीला वर्तमानपत्राचा एक तुकडा चिकटून राहिला होता व त्यावर तारीख वाचता येत होती. पण ती वर्तमानपत्राची तारीख, फांदी तोडल्याची नव्हे. मी ती फांदी कोठून आणली हे आज आठवत नाही. त्यामुळे ती फाइल माझ्या गुणपत्रिकेपुरती उपयोगी ठरली आणि शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी. ज्या महाविद्यालयात मी शिकलो तेथील मागील अनेक वर्षांच्या फाइली एका उन्हाळ्यात रद्दीत गेल्याचेही मी पाहिले आहे. राज्यातील प्रत्येक आयुर्वेद महाविद्यालयातून दरवर्षी अशा फाइली निर्माण होतात. त्यांवर चार ओळी अधिक लिहिल्या गेल्या असत्या, तर आज महाराष्ट्राच्या वनौषधींचा केवढा मोठा दिनांकित संग्रह आपल्या हाती असता!

गेलेले परत येत नाही. पण पुढचे आपल्या हाती आहे. संघटनेच्या चंद्रपूर व गडचिरोली येथील सभासदांसमोर मी चार सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, प्रत्येक वैद्याने आपल्या चिकित्सालयाच्या परिसरातील पाच औषधी वृक्ष निश्चित करावेत आणि पहिली कळी, भर फुलोरा, फळधारणा व पानगळ यांच्या तारखा वहीत नोंदवाव्यात. झाड तेच, गाव तेच, नोंद दरवर्षी. दुसरी, त्याच झाडाची एक शीट दर काही वर्षांनी वनविभागाची आवश्यक ती अनुमती घेऊन तयार करावी, स्थळ, तालुका, दिनांक, गोळा करणाऱ्याचे नाव व स्थानिक नाव लिहून ती मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा करावी. गोंडी व माडिया भाषेतील नावेही अवश्य लिहावीत. संदिग्ध द्रव्यांच्या निर्णयास ती साहाय्यभूत ठरतील. तिसरी, द्रव्यगुणाच्या अध्यापकांनी स्थळ व दिनांक नसलेली शीट तपासून देऊ नये आणि उत्तम शीट विद्यार्थ्याला परत न देता विभागात जपाव्यात. चौथी, जे वनात राहतात व वनोपज गोळा करतात त्यांना या कामात केवळ वाटाडे न मानता नोंदकर्ते मानावे. लेखामेंढासारख्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्या जंगलाची नोंद ठेवण्याची क्षमता आणि इच्छा तेथील ग्रामसभांत आहे. शीटवर त्यांचे नाव, त्यांच्या संमतीने, आपल्या नावाच्या आधी यावे.

काही सहकारी विचारतील की, रुग्ण तपासण्यातून सवड नसलेल्या वैद्याने वनस्पतिशास्त्रज्ञाचे काम का करावे? माझे उत्तर असे की, औषधाचा अपेक्षित गुण आला नाही तर रुग्ण वनस्पतिशास्त्रज्ञाकडे जात नाही, आपल्याकडे येतो. तेव्हा दोष निदानात होता, अनुपानात होता की द्रव्यात होता, हे सांगण्याची जबाबदारी आपली आहे. द्रव्य पूर्वीचेच आहे असे आपण गृहीत धरतो. ते गृहीत तपासून पाहण्याचा मार्ग उपलब्ध असताना तो न तपासणे वैद्याला शोभणारे नाही.

आलापल्लीजवळ १९५३ पासून राखलेले जुन्या सागांचे एक लहानसे वन आहे; २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. त्या काळी कोणीतरी, ही झाडे तोडायची नाहीत, एवढेच ठरविले. म्हणून आज तेथे उभे राहून जुना साग कसा असतो हे पाहता येते. आपल्या औषधींबाबत एवढे तरी आपण ठरवू शकतो. येत्या वसंतात पळस फुलेल तेव्हा एक फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवावी आणि त्याच दिवशी, शाईने, तिच्या शेजारी तारीख लिहावी, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती.