पाळी कुणाची?

देवळातली 'पाळी' म्हणजे काय, हे ज्या घरात पूजा किंवा वहिवाट वंशपरंपरेनं चालत आली आहे तिथं कुणाला सांगावं लागत नाही. यंदा थोरल्या घराची, पुढच्या वर्षी धाकट्याची. तुळजापूरला तर अशा पुजाऱ्यांना पाळीकरच म्हणतात. बाईच्या तोंडी याच शब्दाचा अर्थ वेगळा, आणि त्या दुसऱ्या अर्थामुळे पहिल्या अर्थाची पाळी तिच्याकडे येऊ शकत नाही, असं आपल्याला सांगितलं जातं. मला हे पटत नाही. सुतक पुरुषालाही लागतं. त्या दिवसांत तो गाभाऱ्यात जात नाही, भावबंदांपैकी कुणीतरी पूजा करतं. म्हणून त्याचा वारसा कुणी रद्द केल्याचं ऐकिवात नाही. खरं कारण दानपेटीत आहे, देवस्थानच्या जमिनीत आहे, आणि कचेरीत कुणाची सही चालते त्यात आहे.

गाभाऱ्यासाठी आपण खूप लढलो. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा प्रश्न २००० साली गाजला. २०१६ मध्ये विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी वकील मैत्रिणीनं उच्च न्यायालयात याचिका केली, आणि १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा बायकांनाही लागू आहे हे शासनाला मान्य करावं लागलं. पण त्या गाभाऱ्याची किल्ली कुणाकडे असते, तो माणूस कुणी नेमला, त्याच्यानंतर कोण, हे आपण फारसं विचारलं नाही. विश्वस्तपदाचे वाद म्हणजे घराण्यातल्या पुरुषांची आपसातली भांडणं, त्यात आपलं काय, असं आपण धरून चाललो.

खरं तर या बाबतीत कायदा आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ पुढे आहे. १९५१ साली अंगुरबाला मलिक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, देवस्थानाचा वंशपरंपरागत कारभार पाहण्याचा हक्क, ज्याला कायद्याच्या भाषेत शेबाइती म्हणतात, तो नुसतं कर्तव्य नसून मालमत्ताही आहे. त्यामुळे १९३७ च्या कायद्यानुसार विधवेलाही त्यात वारसा मिळतो. चारच वर्षांनी, १९५५ मध्ये, राजकली कुँवर खटल्यात हेच न्यायालय पुजारीपदाबद्दल बोललं. बाई आहे म्हणून तिचा वारसा डावलता येणार नाही. प्रत्यक्ष पूजा ती योग्य माणसाकडून करून घेऊ शकते. म्हणजे 'चार दिवसां'चा मुद्दा जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे! २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं मदुराईकडच्या एका खेड्यातल्या बाईला तर याही पुढे नेलं. वडिलांमागे देवीची पूजा स्वतःच्या हातानं करण्याचा तिचा हक्क गावकरी नाकारत होते. न्यायालयानं तो मान्य केला.

मग आपल्याकडे मुली दिसत का नाहीत? उत्तर धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सार्वजनिक न्यासाची १९५० च्या कायद्याखाली नोंदणी होते आणि परिशिष्ट एकमध्ये एक रकाना असतो : विश्वस्तपदाच्या उत्तराधिकाराची रीत. तिथं कुणीतरी, बहुधा पन्नास-साठ वर्षांपूर्वी, 'वंशपरंपरेने, ज्येष्ठ पुरुष वारस' असं लिहून ठेवलेलं असतं. विश्वस्त वारला की नव्वद दिवसांत फेरफार अर्ज दाखल करायचा. त्याला वंशावळ जोडायची. हरकत आली नाही तर नाव लागतं. हरकत कोण घेणार? ज्या मुलीचं नाव वंशावळीतच नाही, तिला अशी चौकशी चालू आहे हे कळायचं कसं?

आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईच्या बाबतीत नेमकं हेच झालं. वडील देवीच्या देवळाचे वहिवाटदार होते. त्यांना दोन मुलीच. चुलतभावानं वंशावळीत वडिलांच्या नावापुढे 'निपुत्रिक' असं लिहिलं आणि रेघ मारली. शब्द खोटा नाही, हीच त्यातली मेख. देवळाकडे वर्ग तीनची इनाम जमीन आहे. सातबाऱ्यावर नाव देवीचं आणि वहिवाट पुरुषाची. म्हणजे आत पुजली जाते ती बाई, आणि बाहेर तिच्या नावावर शेती करतो तो बाप्या. तिनं हरकत घेतली, तेव्हा भाऊबंद म्हणाले, सासरी गेलेल्या मुलीनं माहेरच्या देवावर हक्क सांगावा हे शोभत नाही. शेतीच्या वाटणीतही हेच म्हणत असत. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये कायदा बदलला. शोभायचं अजून राहिलंच आहे.

तिला मदत करावी की नाही यावर आमच्यात बराच खल झाला. एक कार्यकर्ती म्हणाली, "बडव्यांच्या मुलींना बडवेगिरीत वाटा मिळवून देणं हे आपलं काम आहे का?" प्रश्न रास्त आहे. वंशपरंपरा म्हणजे जातीची मक्तेदारी. तिच्यात अर्धी खुर्ची बाईला मिळाली तरी देवळाबाहेर उभ्या असलेल्या इतर जातींच्या बायकांना काय मिळालं? आणि खुर्चीवर बाई आली की सगळं बदलतं असंही नाही. २०१६ च्या जानेवारीत शनिशिंगणापूरच्या देवस्थानच्या अध्यक्षपदी बाई होती, आणि चौथरा तेव्हाही बायकांना बंदच होता.

तरी माझं मत असं की, जोवर वारसा हीच रीत आहे तोवर मुलीला त्यातून वगळणं हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध उभं राहायलाच हवं. पण तिथं थांबता कामा नये. पंढरपूरचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणानं दारं उघडली, पण आतली सत्ता बडवे-उत्पातांकडेच राहिली. त्यासाठी नाडकर्णी आयोग, १९७३ चा कायदा आणि मग चाळीस वर्षं कोर्टकचेरी लागली. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेवटचं अपील फेटाळलं, आणि त्याच वर्षी मंदिर समितीनं पूजेसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. वंशपरंपराच गेल्यावर मुलगा की मुलगी हा प्रश्न उरला नाही. समिती सरकार नेमतं, तिथं राजकारण्यांची सोय लावली जाते, हे खरं. पण तिला जाब तरी विचारता येतो.

केरळात मात्र उलट झालं. पद्मनाभस्वामी मंदिरावरचा त्रावणकोर घराण्याचा शेबाइत हक्क जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केला. त्या घराण्यात वंश आईकडून मोजतात. पण गादी जाते ती मामाकडून भाच्याकडे. बाई फक्त मधली कडी. मातृवंशाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आम्ही त्या बाईला दोन अर्ज सुचवले. एक, वंशावळीवर हरकत. दुसरा, कलम ५० अ खाली नवी घटना मागण्याचा. देवस्थानात हितसंबंध असलेल्या कोणत्याही दोन व्यक्ती तो करू शकतात. त्यात विश्वस्त ठराविक मुदतीचे असावेत, निम्म्या बायका असाव्यात, गावातल्या सर्व वस्त्यांतून निवडावेत, असा मसुदा आम्ही केला. पहिल्या अर्जावर तिनं लगेच सही केली. दुसरा वाचून म्हणाली, "ताई, मग बाबांची गादी गेलीच की." तो अर्ज अजून आमच्या फायलीत आहे. पहिल्याची सुनावणी चालू आहे. दुसऱ्यावर गावातल्या दोन बचतगटांच्या बायका सही करायला तयार आहेत. त्यांच्यापैकी एकीचाही त्या देवळाशी वंशाचा संबंध नाही, पण दर नवरात्रात अंगण सारवायला त्याच जातात. सहाय्यक धर्मादाय आयुक्तांपुढे 'हितसंबंध' सिद्ध करायला एवढं पुरेल, असं आमच्या वकीलबाईंना वाटतं.