सोवळ्या रसिकतेस उत्तर

कलावंतानें आपलें घरगुती दुःख रंगमंचावर आणून त्यावर वर्गणी जमवूं नये, तेणेंकरून कलेचें पावित्र्य भंगतें, असा आक्षेप मोठ्या सोवळेपणानें घेण्यांत येतो. तो कितपत टिकतो तें पाहूं.

बीटल्स या गायकवृंदांतील पॉल मॅकार्टनी यांच्या मातोश्री 1956 सालीं स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर वारल्या. चिरंजीव तेव्हां 14 वर्षांचे होते. 1998 सालीं पत्नी लिंडाबाई यांचेंही त्याच रोगानें निधन झालें. त्यांच्या स्मरणार्थ मॅकार्टनींसह 9 रचनाकारांनीं समूहगानें रचिलीं. तीं 'अ गार्लंड फॉर लिंडा' या नांवानें 2000 सालीं ध्वनिमुद्रित होऊन प्रसिद्ध झालीं. हेतु हा कीं, कर्करोगपीडितांसाठीं निधि जमावा.

यांत पावित्र्य कोठें भंगलें? मृताच्या नांवें घाट बांधणाऱ्यास आपण पुण्यवान म्हणतों. मग स्वरांचा घाट बांधणाराच तेवढा बाजारी कसा?

गाण्यानें रोग बरा होत नाहीं, हें खरें. परंतु स्तनांतील गांठ वेळींच तपासली तर पुष्कळदां प्राण वाचतो, आणि ती लपवावयास लावणारी लाज कोणतेंही औषध घालवूं शकत नाहीं. लाखोंच्या आवडत्या गायकानें रोगाचें नांव चारचौघांत घेतलें, म्हणजे इतरांसही तें घेण्याचा धीर येतो. जमलेल्या पैशाचा हिशेब अवश्य मागावा. तो श्रोत्यांचा हक्कच आहे. पण हिशेब न मागतां नुसतें नाक मुरडणाऱ्यांनीं तिला रसिकता म्हणूं नये. रुग्णास एकाकी पाडणाऱ्या मौनाचीच ती भलावण होय.