औषधं वाचवायची तर वॉर्डापासून

९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. मग राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. जंतुसंसर्गाचं मात्र तसं नसतं. त्याचा ना धूर दिसतो, ना गजर वाजतो. बाळ दूध ओढेनासं होतं, अंग गार पडतं, रडणं क्षीण होतं. पहिलं अँटिबायोटिक लागू पडत नाही, दुसरंही नाही. मग मेरोपेनेम. तेही हरलं तर कोलिस्टिन, जे किडनीला जड म्हणून डॉक्टरांनी कधीकाळी बाजूला सारलं होतं. त्यापुढे फारसं काही हातात उरत नाही.

क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे असले औषधांना न जुमानणारे जंतू वॉर्डातच मुक्काम ठोकतात. पलंगाच्या कठड्यावर, सक्शनच्या नळीत, बेसिनमध्ये. एका बाळाची सलाईन नीट करून सिस्टर तशीच दुसऱ्याकडे वळली की जंतूही सोबत गेला. मध्ये हँडरब चोळायला वीस-तीस सेकंद पुरतात. पण एकटीच्या अंगावर इतके पेशंट असताना ती सेकंदं काढायची कुठून? नुसतं सिस्टरवर खापर फोडणं मला पटत नाही.

म्हणून संसर्ग रोखायचं आणि औषधं वाचवायचं हे काम आपण सगळ्यांनी अंगावर घ्यायचं आहे. भंडारा जिल्ह्यातलं तुमसर असो, साकोली की पवनी, नातेवाइकांनी पेशंटच्या पलंगावर बसू नये, बाळाला हात लावण्याआधी ते धुवावेत. ‘भारी औषध लिहा’ असा डॉक्टरांना आग्रह धरू नये. मेडिकलवाल्यांनी २०१४ पासून लागू असलेलं एच-१ यादीतल्या अँटिबायोटिकसारख्या औषधांचं रजिस्टर प्रामाणिकपणे भरावं. चिठ्ठीशिवाय ही औषधं द्यायचीच नाहीत. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक कशाला हवं? आणि डॉक्टरसाहेब, संसर्ग गंभीर वाटला तर पहिल्या डोसआधी कल्चरसाठी रक्त घ्या. रिपोर्ट आला की औषध बदला, नको असेल तर थांबवा. उपचार मात्र रिपोर्टसाठी खोळंबू नयेत.

सगळ्यात जास्त जोर लावायचा तो रुग्णालयाचा निधी खर्च करणाऱ्या रुग्ण कल्याण समितीवर. रंगरंगोटीच्या आधी प्रत्येक पलंगाशी हँडरबची बाटली, कोपराने उघडणारे नळ, आणि रिकाम्या पदांसाठी पाठपुरावा. येत्या बैठकीआधी तुमच्या ओळखीच्या सदस्याला गाठा आणि दोनच प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात कल्चर किती पाठवले, आणि हँडरब किती लिटर लागला?